एक गोदाम, पाच वह्या

उबुंटू १८.०४ या लिनक्स आवृत्तीच्या काळात इंजिनिअरिंगच्या वसतिगृहांमधून एक तक्रार हमखास कानावर यायची: काळी खिडकी उघडेना. काळी खिडकी म्हणजे टर्मिनल. पोरगं बटण दाबतंय, कर्सर क्षणभर गरगरतोय, आणि मग काहीच नाही. ना एरर, ना खिडकी. आदल्या रात्री त्यानं एकच उद्योग केलेला असायचा. प्रोजेक्टला पायथन ३.७ हवं होतं, मशीनमध्ये ३.६ होतं; म्हणून इंटरनेटवर सापडलेल्या दोन-चार ओळी चिकटवून 'पायथन३' ही पाटी जुन्यावरून उतरवली आणि नव्यावर ठोकली. प्रोजेक्ट चालला. पण उबुंटूची ती खिडकी उघडणारा चिमुकला प्रोग्रॅमही पायथनमध्येच लिहिलेला होता आणि त्याला लागणारा एक भाग ३.६ पुरताच बांधलेला होता. पाटी बदलली आणि बिचाऱ्याचा पत्ता चुकला. दुरुस्ती करायची तर कमांड द्यावी लागणार, कमांडला टर्मिनल लागणार, आणि नेमकं तेच बंद! मग शेजारच्या खोलीतला कुणी सीनियर यायचा, कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबायचा आणि चित्रं-बित्रं नसलेल्या कोऱ्या काळ्या पडद्यावर जुनी पाटी परत लावून द्यायचा.

नांदेड-लातूरला असला घोळ ओळखीचा आहे. नांदेडच्या विष्णुपुरीत श्री गुरु गोबिंदसिंगजी इंजिनिअरिंग कॉलेज १९८१ साली उभं राहिलं, लातूरला बिडवे इंजिनिअरिंग कॉलेज १९८३ साली. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये, नेमकं १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी स्थापन झालं. त्याचं लातूरचं उपकेंद्रही आज संगणकाचं शिक्षण देतं. या दोन शहरांत चाळीसेक वर्षांत कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या पिढ्या तयार झाल्या. त्यातल्या प्रत्येक पिढीला एकाच मशीनवर दोन-तीन कारभारी नांदवावे लागले. कारभाऱ्यांची नावं तेवढी बदलत गेली.

या कारभाऱ्यांना आज पॅकेज मॅनेजर म्हणतात. ते काय करतात हे लातूरच्या माणसाला सांगायला फार वेळ लागू नये, कारण आडत बाजार त्याच्या पाहण्यातला आहे. माल आला की आडत्या तो वहीत चढवतो: कुणाचा, किती कट्टे, कुठल्या थप्पीत. माल उचलायचा तर आधी वही बघायची. पॅकेज मॅनेजर हेच करतो. प्रोग्रॅम कुठून आणला, त्याच्या कुठल्या फायली कुठल्या फोल्डरात ठेवल्या, त्याला सोबत आणखी कुठले प्रोग्रॅम लागतात, हे सगळं त्याच्या वहीत असतं. काढून टाक म्हटलं की वहीत बघून तेवढंच उचलतो. आता अशी कल्पना करा की गोदाम एक आहे आणि आडते पाच. प्रत्येकाची वही वेगळी, आणि दुसऱ्याची वही वाचायची कुणालाच सवय नाही. साध्या उबुंटूच्या लॅपटॉपवर ॲप्ट, स्नॅप, पिप, कोंडा आणि एनपीएम असे पाच जण सहज सापडतात. हौशी माणसाकडे फ्लॅटपॅक हा सहावाही असतो.

मराठवाड्याला हा प्रकार नवा नाही. निजामाच्या राज्यात हैदराबादचा स्वतःचा रुपया होता, हाली सिक्का. हद्दीपलीकडे इंग्रजांचा कलदार. दोन्ही एकाच माणसाच्या कनवटीला असायचे, कारण सोयरिक आणि व्यापार सरकारला विचारून होत नसतात. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार, हा हिशोब निरक्षर शेतकऱ्यालाही तोंडपाठ असे. १९४८ साली संस्थान भारतात आलं, तरी हाली लगेच गेला नाही. काही वर्षं दोन्ही नाणी बाजारात फिरत राहिली. रेल्वेचीही तीच तऱ्हा. लातूरला १९११ मध्ये पोचली ती बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी रुळांची. नांदेडवरून जाणारी गोदावरी खोऱ्यातली गाडी मीटरगेजची. आणि मुंबईची ब्रॉडगेज. कुर्डुवाडीला माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरायचा. रूळ वेगळे आहेत म्हणून कुणी प्रवास थांबवला नाही. हमाली तेवढी वाढली.

कॉम्प्युटरवरची पहिली हमाली मात्र लिनक्सची नव्हती, ती मराठी अक्षरांची होती.

नव्वदच्या दशकात छापखान्यांच्या शेजारी डीटीपीची दुकानं निघाली. खिळे जुळवणारे हात कळफलकावर आले. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झालं आणि त्याच्या जिस्ट विभागानं भारतीय लिपींसाठी सॉफ्टवेअर आणलं. त्यातलं आयएसएम पुढे सरकारी कचेऱ्यांत गेलं. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी छापखान्यांत आणि वर्तमानपत्रांत रुजली. बंगळूरच्या सायबरस्केपची आकृती तिसरी. भारतीय लिपींसाठी 'इस्की' नावाचं प्रमाण १९९१ साली ठरलं होतं खरं, पण फॉन्टच्या आत कुठल्या घरात कुठलं अक्षर बसवायचं याची व्यवस्था ज्यानं-त्यानं आपापली केली. एकाच्या फॉन्टात जिथे 'क' बसला होता, तिथे दुसऱ्याच्या फॉन्टात अर्धा 'ष' नाहीतर एखादी वेलांटी.

परिणाम रोजचा होता. लातूरला एका पॅकेजमध्ये टाइप केलेली लग्नपत्रिका फ्लॉपीवर नांदेडला आली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की 'चि. सौ. कां.' च्या जागी इंग्रजी चिन्हांचा आणि उलट्या-सुलट्या टिंबांचा सडा पडायचा. म्हणून दुकानदार सगळीच पॅकेजं ठेवायचा. प्रत्येकाचा कळफलक वेगळा, प्रत्येकाचं चालू-बंद करायचं बटण वेगळं. दोन एकदम चालू राहिली तर दाबलेली कळ कुणाची, यावरून जुंपायची. जाणता ऑपरेटर एका वेळी एकच चालू ठेवी. त्यात श्रीलिपीला डोंगल असे, कॉम्प्युटरच्या मागे खोचायचं बोटभर कुलूप. ते नसलं की सॉफ्टवेअर हलत नसे. एका गावात दोन दुकानं असली तर डोंगल इकडून तिकडे फिरायचं.

या पिढीला 'इन्स्टॉल' हा शब्द कळला तो सीडीवरून. २००१ मध्ये एमकेसीएलचा एमएस-सीआयटी सुरू झाला आणि गल्लोगल्ली क्लास निघाले. तिथे शिकलेल्यांच्या लेखी इन्स्टॉल करणं म्हणजे 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश'. माल कुठे उतरला, वहीत चढला की नाही, हे विचारायची पद्धतच नव्हती. विंडोजमध्ये प्रत्येक सॉफ्टवेअर आपला इन्स्टॉलर आपणच घेऊन यायचं, आणि जाताना निम्मा पसारा मागे टाकून जायचं.

तिकडे अमेरिकेत त्याच्या आधीपासूनच वेगळं काही शिजत होतं. १६ ऑगस्ट १९९३ रोजी पर्ड्यू विद्यापीठातला विद्यार्थी इयन मर्डॉक यानं डेबियन या लिनक्सची घोषणा केली. नाव मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन यांचं जोडून केलेलं, म्हणजे लग्नाआधीच एकत्र पाटी. डेबियनची खरी कमाई म्हणजे डीपीकेजी हा त्याचा कारभारी. दुसऱ्या एका इयननं, इयन जॅक्सननं, १९९४ मध्ये त्याला आजचं रूप दिलं. त्याची वही आजही साध्या मजकुराची फाइल आहे, कुणीही उघडून वाचावी. कुठली फाइल कुणाची हे त्याला विचारता येतं. एकाच्या जागी दुसरं पॅकेज आपली फाइल ठेवू लागलं, तर तो हात धरून थांबवतो: ही जागा अमक्याची आहे. पाठोपाठ १९९५ मध्ये रेड हॅटनं आरपीएम आणलं. तिथपासून लिनक्सचे दोन मोठे बाजार झाले, डेबवाले आणि आरपीएमवाले. एकाचा माल दुसऱ्याच्या पोत्यात भरून देणारा 'एलियन' नावाचा प्रोग्रॅमही लगोलग निघाला. हाली-कलदारच्या मधला सराफ म्हणायला हरकत नाही, आणि सराफासारखाच तो थोडी घट धरायचा: माल यायचा, पण प्रत्येक वेळी नीट बसेलच याची खात्री नसे.

वही असली तरी माल आणायला स्वतःच जावं लागे. एका पॅकेजला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं. ते शोधता शोधता रात्र सरायची. १९९८ च्या सुमाराला डेबियनच्या ॲप्टनं ही पायपीट संपवली. नाव सांगा, लागतील ती सगळी पॅकेजं तोच हुडकून आणेल. एकच अट होती, इंटरनेट पाहिजे.

ही अट मराठवाड्यात जड होती. व्हीएसएनएलनं १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट खुलं केलं ते आधी महानगरांत. जिल्ह्याच्या गावी लिनक्स यायचं ते मासिकाला चिकटवलेल्या सीडीतून. पीसी क्वेस्टच्या लिनक्स सीडीवर या देशातली एक अख्खी पिढी वाढली. २००५ पासून उबुंटूनं जगभर फुकट सीडी पाठवायला सुरुवात केली. वेबसाइटवर पत्ता भरायचा आणि काही आठवड्यांनी पोस्टमन तपकिरी पाकीट आणून द्यायचा. पैसे नाहीत, पोस्टेजही नाही. फुकट परदेशी पाकीट कशाचं आलं, या घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर देणं इन्स्टॉल करण्यापेक्षा अवघड. २०११ मध्ये ती योजना बंद झाली.

सीडीवरून उबुंटू पडायचं, पण गाणं वाजायचं नाही, कारण एमपी३ चं कोडेक सीडीवर नसे. ते ॲप्टनं आणायचं आणि ॲप्टला नेट नाही. मग पेन ड्राइव्ह. ज्याच्याकडे नेट त्याच्या मशीनमधल्या ॲप्टच्या कॅश फोल्डरातून डेब फायली उचलायच्या आणि आपल्याकडे टाकायच्या. एक हुकली की डीपीकेजी अडून बसायचा, की पुन्हा सायकल काढून कॅफेवर. या दुखण्यावर औषध शोधलं ते भारतीयानंच: डेबियनच्या रितेश राज सर्राफ यांनी लिहिलेलं ॲप्ट-ऑफलाइन. आपल्या मशीनला काय हवं याची यादी ते फाइलीत काढून देतं, ती पेन ड्राइव्हवर घेऊन नेट असलेल्या कुठल्याही मशीनवर जायचं, माल भरायचा आणि घरी येऊन उतरवायचा. किराणा दुकानाची यादीच ती.

त्याच सुमाराला आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकारानं स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प उभा राहिला. पडद्यावर इंग्रजी, कानात आपली भाषा. त्यात सिनॅप्टिक पॅकेज मॅनेजरचा धडा मराठीतही आहे. ज्या पोराला इंग्रजी मॅन्युअलचं पहिलं पान ओलांडवत नव्हतं, त्याला रिपॉझिटरी म्हणजे काय हे मराठीतून ऐकायला मिळालं. मराठी फॉन्टही आता वहीत चढू लागले होते. रेड हॅटनं २००४ मध्ये लोहित फॉन्ट मोकळे केले. जागोजागी डोंगल लागायचे त्या धंद्यात हे फॉन्ट ॲप्टच्या एका ओळीत उतरतात, हे पाहून जुन्या ऑपरेटरला गंमत वाटली असेल. की रागही आला असेल?

इथवर गोदामात आडत्या एकच होता. मग बाकीचे का शिरले? उत्तर ॲप्टच्या शिस्तीतच आहे. डेबियन किंवा उबुंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घ मुदतीची, आवृत्ती निघाली की तिच्यातल्या पॅकेजांच्या आवृत्त्या गोठतात. बँकेच्या सर्व्हरला तेच हवं असतं. पण पायथन लिहिणाऱ्याला कालच आलेली लायब्ररी आज हवी असते. दोन वर्षं कोण थांबणार? म्हणून प्रत्येक भाषेनं आपली वेगळी वखार काढली. पर्लवाल्यांनी १९९५ मध्येच सीपॅन उघडलं होतं. रूबीचं जेम्स आलं, पायथनचं पिप २००८ मध्ये, जावास्क्रिप्टचं एनपीएम २०१० मध्ये, आणि शास्त्रीय गणितवाल्यांसाठी कोंडा २०१२ मध्ये. मॅकवर तर ॲपलनं असा कारभारी दिलाच नव्हता, तिथे मॅक्स हॉवेलचं होमब्रू २००९ मध्ये आलं. हे सगळे एकमेकांचे वैरी नव्हते, प्रत्येक जण वेगळ्याच गिऱ्हाइकाची अडचण सोडवत होता. गिऱ्हाईक मात्र पुष्कळदा एकच माणूस निघाला आणि त्याच्याकडे लॅपटॉपही एकच होता.

पिपला डीपीकेजीची वही वाचता येत नाही. 'सुडो' लावून, म्हणजे मालकाच्या अधिकारानं, पिप चालवला की तो सरकारी, म्हणजे सिस्टिमच्या, गोदामात उतरतो. डेबियनच्या लोकांनी त्याला आत 'यूएसआर-लोकल' नावाची वेगळी खोली दिली. ही खोली जुनी आहे. १९९४ च्या एफएसएसटीएनडी या फोल्डर-नियमावलीतच ठरलं होतं की तिथे मशीनच्या मालकाचं राज्य, वितरकानं हात लावायचा नाही. पण पायथन माल शोधायला लागला की आधी याच खोलीत डोकावतो. तिथे नवी आवृत्ती दिसली की तीच उचलतो, मग मागणारा तुमचा प्रोजेक्ट असो की उबुंटूचाच एखादा जुना प्रोग्रॅम.

एप्रिल २०१८ मध्ये हे घरोघरी अनुभवाला आलं. पिपची दहावी आवृत्ती निघाली. उबुंटू १६.०४ वर ॲप्टनं ठेवलेला पिप ८.१.१ होता. तो प्रत्येक कामानंतर सौजन्यानं सुचवायचा: तुमची आवृत्ती जुनी आहे, अमकी कमांड देऊन नवी घ्या. माणसं आज्ञाधारकपणे ती कमांड देत. पुढच्या वेळी पिप म्हटलं की 'मेन' हे नाव सापडत नाही अशी एरर, आणि पिप ठप्प. झालं होतं एवढंच: ॲप्टनं ठेवलेला दरवाजा जुना आणि पिपनं आणलेलं घर नवं. दरवाजा जिन्याच्या ज्या पायरीकडे उघडत होता, ती पायरी दहाव्या आवृत्तीत दुसरीकडे हलवली होती. दोघांपैकी कुणीही आपल्या वहीप्रमाणे चुकला नव्हता. सल्ला देणारा पिप आणि सल्ल्यानं मोडलेला पिप एकच, ही त्यातली खरी मजा.

कोंडानं दुसरा रस्ता धरला. सामायिक गोदाम नकोच, माझं मी माझ्या घरात ठेवीन. होम फोल्डरात आपलं अख्खं पायथन बसवायचं आणि टर्मिनलच्या प्रत्येक ओळीपुढे कंसात 'बेस' असं नाव मिरवायचं. मशीन लर्निंग शिकणाऱ्यांच्या पडद्यावर ते दिसतंच. सोय मोठी, पण त्या 'बेस'च्या आत पुन्हा पिप चालवला की घरात घर सुरू होतं. कोंडाचीच कागदपत्रं सांगतात, आधी कोंडानं आणायचं ते सगळं आणा, पिप शेवटी. भाजीवर झाकण ठेवल्यावर मीठ घालायला जाऊ नये, तसं.

२०१६ मध्ये उबुंटूनं स्नॅप आणलं, रेड हॅटच्या बाजूनं फ्लॅटपॅक आलं. हे दोघे प्रोग्रॅमबरोबर त्याचा शिधाही बांधून आणतात, बाहेरच्या लायब्रऱ्यांवर फारसं विसंबत नाहीत. त्यामुळे भांडण कमी, जागा जास्त. वाद पेटला तो वेगळ्याच कारणानं. उबुंटूवर 'ॲप्ट, क्रोमियम आण' असं म्हटलं की ॲप्ट गुपचूप स्नॅपला निरोप धाडू लागला. हुकूम एका आडत्याला, माल दुसऱ्याच्या वहीत. लिनक्स मिंटनं २०२० मध्ये हे नाकारलं आणि आपल्या आवृत्तीत स्नॅपला दार बंद केलं. मुंबई-पुण्याइतकं वेगवान नेट नसलेल्या गावी हा वाद तत्त्वाचा कमी आणि डेटा पॅकचा जास्त होता.

स्नॅपनं आणखी एक जुनी ओळख ताजी केली. त्याच्या सुरुवातीच्या वर्षांत काही मशीनवर स्नॅपमधून आलेला प्रोग्रॅम उघडला की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसत. बाहेरच्या सिस्टिमनं केलेली फॉन्टची यादी आणि स्नॅपच्या आतली फॉन्ट वाचायची पद्धत, दोघांच्या आवृत्त्या जुळायच्या नाहीत. यादी पुसून नव्याने करायला लावली की अक्षरं परत. पत्रिकेतल्या 'चि. सौ. कां.' चं तीस वर्षांपूर्वी जे झालं, त्याचं कारण याहून फार वेगळं नव्हतं.

शेवटी पायथनवाल्यांनीच सीमा आखली. पेप ६६८ हा नियम आला आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून पिपला सरकारी गोदामात थेट शिरता येईना. कमांड दिली की उत्तर येतं: हे वातावरण बाहेरून सांभाळलं जातं, तुम्ही वेगळं व्हेन्व्ह, म्हणजे प्रोजेक्टपुरती स्वतंत्र खोली, करा. पहिल्या महिन्यात या संदेशानं शिव्या खाल्ल्या. जुने व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांच्या सगळ्या पायऱ्या एका रात्रीत चुकल्या. ज्यांना घाई होती त्यांनी अडथळा ओलांडायचा पर्याय शोधला. त्याच्या नावातच 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' असे शब्द आहेत, म्हणजे मोडलं तर बोलू नका.

सगळ्यांत टोकाचा तोडगा याच्या किती तरी आधी नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठात निघाला होता. एल्को डोल्स्ट्रानं २००३ मध्ये निक्स सुरू केलं. त्यात प्रत्येक पॅकेजाच्या फोल्डरला त्याच्या घडणीवरून काढलेल्या आकडा-अक्षरांच्या लांबलचक खुणेचं नाव असतं. पायथन ३.६ आणि ३.७ शेजारी शेजारी राहतात, कुणी कुणाची पाटी काढत नाही, आणि बिघडलं तर एका कमांडनं कालच्या स्थितीत परत जाता येतं. ते डेबियनवर, उबुंटूवर, मॅकवर इतर कारभाऱ्यांच्या शेजारी बिनबोभाट चालतं, कारण त्याचा सगळा माल 'निक्स-स्टोअर' नावाच्या आपल्या फोल्डरात असतो. शिकायला मात्र ते आडवळणी आहे. म्हणून वसतिगृहांत अजून ॲप्ट आणि पिपचीच चलती, आणि सीनियरचं कंट्रोल-आल्ट-एफ३.

डीटीपीच्या जुन्या दुकानांनी तर हा प्रश्न फार सोप्या रीतीनं सोडवला. कोपऱ्यात विंडोज एक्सपीचा एक पिवळा पडलेला पीसी ठेवला. त्याच्या मागे तेच डोंगल, त्याला लागणारं जुनं पोर्ट नव्या मशीनला नसतंच. नव्या मशीनवर युनिकोड, इनस्क्रिप्ट, सगळं. कुणी २००२ सालची स्मरणिका पुन्हा छापायला आणली की जुना पीसी चालू होतो, फाइल उघडते, कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडात येतो, पेन ड्राइव्हवर बसतो आणि शेजारच्या टेबलावर जातो. अर्धा 'र' आणि रफार तपासायला माणूस बसतो. ते काम अजून कुठलाच पॅकेज मॅनेजर करत नाही.